टोमॅटोचा विषाणू बांध ओळखत नाही

२०२०च्या मे महिन्यात, टाळेबंदीने बाजार विस्कळीत झालेले असताना, पुणे, सातारा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या उन्हाळी टोमॅटोवर एक वेगळेच संकट आले. फळे नीट पिकेनात. एकाच फळावर हिरवा, पिवळा आणि लाल असे डाग दिसू लागले, काही फळे आतून कडक राहिली, काही खड्डे पडून काळवंडली. शेतकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले. सगळीकडे करोनाची चर्चा असल्याने ‘टोमॅटोवर नवा व्हायरस’ ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. हा विषाणू माणसांनाही बाधतो, अशी अफवा तिच्या मागोमाग आली. आधीच माल विकला जात नव्हता, त्यात या अफवेने उत्पादकांचे कंबरडे मोडायची वेळ आणली.

रोगट नमुने बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे तपासणीसाठी गेले. तिथे प्रामुख्याने आढळला तो कुकुंबर मोझॅक विषाणू. काही नमुन्यांत त्याच्या जोडीला इतर विषाणूही होते. यातला कोणताही नवा नव्हता. कुकुंबर मोझॅक विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. त्याचे वर्णन १९१६मध्ये अमेरिकेत काकडीवर झाले, म्हणून त्याच्या नावात काकडी आली. प्रत्यक्षात तो हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो. टोमॅटो, मिरची, भोपळावर्गीय वेली, केळी, झेंडू आणि बांधावरचे तण ही सगळी त्याची घरे आहेत.

अहवाल आला, पण वाद मिटला नाही. रोग बियाण्यातून आला की शेतात आला, यावर शेतकरी आणि बियाणे विक्रेते समोरासमोर उभे राहिले. प्रश्न भरपाईचा असल्याने ते साहजिकच होते. मात्र या वादात एक मूळ मुद्दा मागे पडला. पिकांचे विषाणू पसरतात कसे, आणि त्या पसरण्याला एकटा शेतकरी किती अडवू शकतो? त्यानंतरच्या काळात टोमॅटो आणि मिरचीने हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला आहे.

आधी माणसाच्या भीतीविषयी

वनस्पतींच्या विषाणूंनी माणूस आजारी पडतो, याचा पुरावा नाही. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी त्या पेशीची ‘कुलपे’ उघडता यावी लागतात आणि टोमॅटोच्या विषाणूकडे माणसाच्या पेशीची किल्ली नसते. किंबहुना माणूस हे विषाणू रोजच खात असतो. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू तपासले गेले, तेव्हा त्यांत सर्वाधिक प्रमाण मिरचीवरच्या ‘पेपर माइल्ड मॉटल’ या विषाणूचे निघाले. मिरची, तिखट आणि सॉस यांतून तो पोटात जातो आणि कोणाला न दुखवता बाहेर पडतो. तो जवळपास सगळ्यांच्याच विष्ठेत सापडत असल्याने पुढे करोनाकाळात सांडपाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांनी त्याचा मापदंड म्हणून वापर केला. नमुन्यात मानवी मैला किती मिसळला आहे, हे त्यावरून ठरवता येत असे.

तेव्हा डागाळलेला टोमॅटो खाल्ल्याने विषाणूची बाधा होत नाही. आरोग्याचा प्रश्न आहे तो वेगळ्या ठिकाणी. रोगाच्या धास्तीने केलेल्या फवारण्यांचा अंश फळावर उरतो. त्याकडे पुढे येऊ.

चार वाटा

प्राण्यांच्या पेशीला पातळ पटल असते, वनस्पतीच्या पेशीला त्याबाहेर जाड भिंत असते. ही भिंत विषाणूला स्वतःहून फोडता येत नाही. त्याला आत नेणारा कोणीतरी लागतो, किंवा एखादी जखम तरी लागते. एकदा आत शिरला की पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांनी तो शेजारच्या पेशींत आणि मग रसवाहिन्यांतून साऱ्या झाडात जातो. टोमॅटो आणि मिरचीत त्याला आत नेणाऱ्या वाटा मुख्यतः चार आहेत, आणि प्रत्येक वाटेचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट माव्याची. कुकुंबर मोझॅक माव्याच्या ऐंशीहून अधिक जातींमार्फत पसरतो. मावा झाडावर बसला की ते आपल्या कामाचे आहे का, हे पाहण्यासाठी सोंड टोचून चव घेतो. काही सेकंदांच्या या चाचपणीत विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या झाडावर अशीच चव घेताना तो तिथे सोडला जातो. माव्याने टोमॅटोवर मुक्काम ठोकण्याचीही गरज नसते. दुसऱ्या पिकाकडे निघालेला, वाटेत दोन झाडे चाखून उडून गेलेला मावाही रोग देऊन जातो. शेतात मावा दिसत नाही आणि रोग मात्र वाढतो, हे कोडे त्यातून सुटते.

दुसरी वाट पांढऱ्या माशीची. टोमॅटोवरचा पर्णगुच्छ, ज्यात पाने लहान, पिवळट आणि वाटीसारखी वळलेली होतात आणि झाड खुजे राहते, तो याच वाटेने येतो. मिरचीवरच्या चुरडा-मुरड्याचा विषाणूही हिच्यामार्फतच पसरतो. जेमतेम एक मिलिमीटर लांबीची ही माशी माव्यासारखी घाईत नसते. रोगट झाडाचा रस काही मिनिटे तरी शोषल्यावर विषाणू तिच्या शरीरात जातो, आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला काही तास घेतो, आणि त्यानंतर बहुधा आयुष्यभर ती रोगाची वाहक राहते. वाऱ्यावर ती एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते.

तिसरी वाट फुलकिड्यांची. भुईमुगावरच्या शेंडेमर रोगाचा विषाणू टोमॅटो आणि मिरचीवरही येतो. शेंडा करपतो, पानांवर तपकिरी वलये उमटतात, फळांवर गोल चट्टे पडतात. इथली गंमत अशी, की फुलकिडा हा विषाणू फक्त पिल्लावस्थेत घेऊ शकतो. मोठेपणी रोगट झाडावर बसून त्याला तो घेता येत नाही, पण लहानपणी घेतलेला विषाणू मोठा झाल्यावर उडत जाऊन सगळीकडे देता येतो. म्हणजे ज्या तणावर किंवा पिकावर फुलकिड्यांची पिल्ले वाढतात, तेच रोगाचे खरे माहेर असते.

चौथी वाट माणसाच्या हातांची. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचे कुळ कीटकांवर अवलंबून नाही. टोमॅटो मोझॅक आणि मिरचीचा माइल्ड मॉटल हे याच कुळातले. बगलफूट काढताना, सुतळीने बांधणी करताना, तोडा करताना हाताला, कात्रीला, कपड्यांना झाडाचा रस लागतो आणि पुढच्या झाडाच्या बारीकशा जखमेतून आत जातो. हे विषाणू चिवट आहेत. वाळलेल्या पाल्यात, बांबूवर, क्रेटवर आणि बियांच्या सालीवर ते महिनोन्‌महिने टिकतात. वाळवून प्रक्रिया केलेल्या तंबाखूतही ते जिवंत राहू शकतात. त्यामुळे तंबाखू मळून त्याच हाताने रोपे लावणे, ही आपल्याकडची नेहमीची सवय रोपांच्या दृष्टीने धोक्याची आहे. साबणाने हात धुणे हा त्यावरचा साधा उपाय. साय काढलेल्या दुधात हात बुडवून काम केले तर या विषाणूचा प्रसार कमी होतो, हेही प्रयोगांत दिसले आहे.

विषाणू या गोष्टीचा शोध लागला तोच या कुळातून. दिमित्री इवानोव्स्की यांनी १८९२मध्ये दाखवले, की रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी रोग देतो. १८९८मध्ये मार्टिनस बायरिंक यांनी हा जिवाणूहून वेगळा घटक असल्याचे सांगितले. सव्वाशे वर्षे उलटली, तरी झाडाला एकदा झालेला विषाणू बरा करणारे औषध शेतात उपलब्ध नाही.

फवारणी का हरते?

या शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवणे शेतकऱ्याला जड जाते. कारण दुकानात ‘व्हायरसवरचे औषध’ म्हणून काही ना काही मिळतेच. त्यात कधी सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात, कधी वाढ उत्तेजके, तर कधी कीटकनाशकेच. झाडाला थोडी टवटवी येते, नवी फूट हिरवी दिसते, आणि पंधरा दिवसांनी पाने पुन्हा वळतात. त्या काळात ते झाड शेतात उभे राहून शेजारच्या झाडांना रोग देत राहते. म्हणजे या फवारणीचा खर्च तर वाया जातोच, शिवाय रोगट झाड उपटण्याची योग्य वेळही निघून जाते.

कीटक मारून रोग थांबतो का, याचे उत्तर वाटेनुसार बदलते. पांढरी माशी विषाणू घ्यायला आणि द्यायला वेळ घेते. त्यामुळे रोप लहान असताना केलेल्या बंदोबस्ताचा काही उपयोग होतो. मावा काही सेकंदांत काम उरकतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत चार झाडे चाखून झालेली असतात. उलट काही औषधांनी अस्वस्थ झालेला मावा अधिक हालचाल करतो आणि अधिक झाडे टोचतो. हाताने पसरणाऱ्या विषाणूवर तर कीटकनाशकाचा काहीच संबंध नाही.

त्यातही निदान चुकते. मिरचीची पाने वळली की सरसकट ‘व्हायरस आला’ म्हटले जाते. पण फुलकिड्यांनी नुसता रस शोषला तरी पाने वरच्या बाजूला वळतात आणि कोळ्यांमुळे ती खालच्या बाजूला वळतात. कोळी हा कीटक नसल्याने त्यावर नेहमीची कीटकनाशके बहुधा चालत नाहीत, त्यासाठी कोळीनाशक लागते. तीन वेगळी कारणे आणि लक्षण एक, अशा वेळी तिन्हींवर एकत्र मारा करण्याकडे कल असतो. तिरंग्याबाबतही असेच होते. कडक उन्हाळ्यात टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन नीट तयार होत नाही. त्यामुळे उष्णतेनेही फळे पिवळट, डागाळलेली पिकतात. विषाणू कोणता, उष्णतेचा वाटा किती, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि ती तालुक्याच्या गावी मिळत नाही.

न समजलेल्या रोगावर केलेल्या या माऱ्याची किंमत दोघे चुकवतात. फवारणारा मजूर ती अंगावर घेतो, आणि ग्राहकाच्या ताटात औषधाचा अंश येतो. टोमॅटो आणि हिरवी मिरची तर कच्चीही खाल्ली जाते आणि तोडे दर काही दिवसांनी होतात. फवारणी आणि तोडा यांत पाळायचे अंतर त्या गडबडीत सर्वात आधी मोडते. शिवाय पांढऱ्या माशीने अनेक कीटकनाशकांना दाद देणे सोडले आहे.

किलोमागचा भाव

हा विषय शेतापुरता नाही, हे २०२३च्या जुलैमध्ये शहरांनी अनुभवले. टोमॅटो किलोला शंभरच्या पार गेला, काही ठिकाणी दोनशेच्याही पुढे. केंद्र सरकारला सरकारी संस्थांमार्फत आधी ९०, मग ८० आणि ७० रुपये किलोने टोमॅटो विकावा लागला, नेपाळमधून आयातही झाली. त्या महिन्यात किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला आणि त्यात भाज्यांचा मोठा वाटा होता. सरकारने संसदेत दिलेल्या कारणांत हंगामाची घट आणि उत्तरेतला पाऊस यांच्यासोबत कर्नाटकातल्या कोलार भागातील पांढऱ्या माशीच्या रोगाचाही उल्लेख होता. महिन्याभरापूर्वी कमी भावामुळे टोमॅटो रस्त्यावर ओतणारा शेतकरी आणि महिन्याभरानंतर पाव किलो घेणारा ग्राहक, या दोघांच्या मध्ये एक मिलिमीटरची माशीही उभी होती.

एकट्याने न सुटणारे गणित

शेतकऱ्याने काय करावे, याची यादी नवी नाही. रोपे चाळीस ते पन्नास मेशच्या कीटकरोधक जाळीत वाढवावीत, कारण रोप जितके लहानपणी रोगी होते तितके नुकसान मोठे. लागवडीनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत पर्णगुच्छ आला तर त्या झाडाकडून फारशी आशा राहत नाही. तोच रोग फळधारणेनंतर आला तर बरेचसे उत्पादन हाती लागते. प्लॉटभोवती आधीच मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावाव्यात. बाहेरून आलेला मावा आधी मका चाखतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. चंदेरी मल्चिंग पेपरने परावर्तित होणारा प्रकाश उडते कीटक बिचकवतो. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीची, तर निळे फुलकिड्यांची चाहूल देतात. रोगट झाड दिसताच उपटून पिशवीत भरून बाहेर न्यावे. प्रतिकारक वाण निवडावा. बंगळुरूच्या संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छाला तोंड देतो.

पण वाणाचेही संरक्षण कायमचे नसते. हाताने पसरणाऱ्या विषाणूंविरुद्ध जगभरच्या टोमॅटोत ‘टीएम-टू-स्क्वेअर’ हे जनुक अनेक दशके भक्कम उभे होते. २०१४-१५मध्ये इस्रायल आणि जॉर्डनमध्ये ‘ब्राउन रुगोज फ्रूट’ हा नवा विषाणू दिसला आणि त्याने ते कुंपण ओलांडले. बियाण्यातून, हातांतून, हरितगृहातल्या भुंग्यांच्या पायांतून तो काही वर्षांत अनेक खंडांत पोहोचला. २०१९मध्ये युरोपीय संघाने त्याविरुद्ध आणीबाणीचे नियम लागू केले. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना आणि देऊळगाव राजा परिसरासाठी ही दूरची गोष्ट नाही. तिथे एकेका फुलाचे परागीकरण हातानेच केले जाते, आणि बियाण्याचा एक रोगट लॉट परत आला तर त्याचा फटका शेडनेटमधल्या कुटुंबालाच बसतो.

यादी पाळूनही शेतकरी हरतो, त्याचे कारण शेजारी असते. नाशिक, नारायणगाव, संगमनेर या पट्ट्यात टोमॅटो आता जवळपास बारमाही झाला आहे. एका शेतात शेवटचा तोडा होऊन वेली तारेवर तशाच सुकत असतात, त्याच वेळी शेजारी नवी रोपे लागतात. जुन्या प्लॉटमधली माशी नव्या रोपांवर येते. विषाणूला एका हंगामातून दुसऱ्यात जायला हिरवा पूल आयता मिळतो. भाव पडला म्हणून सोडून दिलेला प्लॉट तर आणखी धोक्याचा, कारण त्यात फवारणीही बंद झालेली असते. ज्याला भाव मिळाला नाही, त्याने पुन्हा मजुरी खर्चून वेली का उपटाव्यात? त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे चूक नाही. पण त्या न उपटलेल्या प्लॉटची किंमत शेजारी मोजतो.

हा पूल तोडता येतो, हे इतर देशांनी दाखवले आहे. इस्रायलच्या अरावा खोऱ्यात १९८०च्या दशकात उन्हाळ्यातला काही काळ टोमॅटोशिवाय ठेवण्यात आला आणि पर्णगुच्छासारख्या रोगाचा जोर कमी झाला. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९०च्या दशकात या रोगाने टोमॅटो प्रक्रिया उद्योग मोडीत निघण्याची वेळ आली होती. तिथे सरकारने वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीला पोसणारी पिके घेण्यावर बंदी घातली. चांगली वाणे आणि इतर उपायांच्या जोडीने उद्योग पुन्हा उभा राहिला.

महाराष्ट्राला ही कल्पना अनोळखी नाही. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडण्यासाठी राज्यात फरदड न घेण्याची मोहीम चालते आणि कपाशीचे बियाणे १ जूनपूर्वी न विकण्याचे आदेश निघाले आहेत. टोमॅटोत हे अवघड आहे. कापसाला एक हंगाम असतो, टोमॅटोला बाजार वर्षभर बोलावतो. ज्या महिन्यात बाकीचे थांबतील त्याच महिन्यात लावणाऱ्याला सर्वाधिक भाव मिळेल, हे प्रत्येकाला ठाऊक असते. २०२३च्या जुलैने काहींना एका प्लॉटवर आयुष्यभराची कमाई दिली, तेव्हा खंड पाळा, असे नुसते सांगून कोणी ऐकणार नाही.

म्हणून सुरुवात जिथे परवडते तिथून व्हायला हवी. संपलेला प्लॉट ठराविक दिवसांत काढून टाकणाऱ्याला मजुरीचा काही भाग मिळावा.  रोपवाटिका हा सगळ्या साखळीचा गळा आहे. एका रोपवाटिकेतून रोपे अनेक गावांत जातात, त्यामुळे तिथली जाळी फाटकी असेल तर रोग ट्रेमध्ये बसून वाटला जातो. राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून संरक्षित रोपवाटिकांना अनुदान मिळते. त्याच्या जोडीला रोपांच्या नियमित तपासणीची अटही हवी. तिसरी गोष्ट निदानाची. नमुना बंगळुरूला जाऊन अहवाल येईपर्यंत प्लॉट संपलेला असतो आणि भरपाईचा वादही शिळा झालेला असतो. विषाणू ओळखणाऱ्या पट्ट्या काही मिनिटांत उत्तर देतात. त्या कृषी विज्ञान केंद्रांत आणि मोठ्या बाजार समित्यांत असल्या, तर दोष बियाण्याचा, रोपांचा की हवेतून आलेल्या माशीचा, हे भांडण निदान पुराव्यावर होईल.

तिरंग्याच्या वेळी शेतकरी ‘हे बियाण्यातूनच आले’ म्हणत होते आणि विक्रेते ‘तुमच्या शेतातूनच’ म्हणत होते. विषाणूच्या दृष्टीने या दोन जागांत फारसे अंतर नाही. त्याला फक्त एक माशी, एक हात आणि पलीकडे एक हिरवे झाड लागते. शेजाऱ्याच्या संपलेल्या प्लॉटचे काय करायचे, हे गावाने आणि सरकारने मिळून ठरवले नाही, तर प्रत्येक शेतकरी आपल्या बांधाच्या आत फवारत राहील आणि रोग बांधावरून येत राहील.